कार्बोरेटरचा सूर

“काय रे, तुझ्या नखांतलं ते काळं कधी निघतं का?”

पैज माझ्या मैत्रिणींची, कुंदा आणि वनमालाची; तोंड माझं. आमच्याच दहावीतला, टेक्निकल घेतलेला लवू शाळेच्या नळावर हात धूत होता. मला वाटलं, लाजेल. त्याने दोन्ही पंजे सरळ माझ्या नाकासमोर धरले.

“निघतं की, रॉकेलने. वास घे.”

मी खरंच घेतला! मागे दोघींचं खिदळणं थांबेना… आणि तो अगदी शांतपणे म्हणाला, “तू त्या धापा टाकणाऱ्या गाडीतून येतेस ना? तिचं इंजिन चांगलंय. उगाच मरतेय बिचारी.”

एखाद्या मुलाने नुसतं आपल्या गाडीला चांगलं म्हटलं तरी कानाच्या पाळ्या गरम होतात, हे मला त्या दिवशी कळलं.

गाडी बासष्ट सालची, माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. पळताना झकास. पण अप्पांनी, माझ्या वडिलांनी, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिन हुंदके द्यायचं, चढायचं, पडायचं आणि मुलुंडच्या प्रत्येक सिग्नलला बंद. अप्पा स्क्रू पिळून रेस वाढवायचे. मग ती उभ्या उभ्या डरकाळ्या फोडायची, दोन दिवसांनी पुन्हा तेच. शेवटी त्यांनी जाहीर केलं — रविवारी गाडी भंगारवाल्याकडे. माझंही ठरवून टाकलं होतं : दहावीनंतर टायपिंग-शॉर्टहँड. त्या क्लासचं जाड कव्हरचं माहितीपुस्तक टीव्हीवर येऊन बसलं होतं. मी बॉनेटजवळ गेले की म्हणायचे, “सुलू, मुलींचे हात तिथे नकोत.”

माझा हात लागण्याआधीच गाडी भंगारात गेली असती तर ते म्हणणंच खरं ठरलं असतं. म्हणून शनिवारी अर्धी शाळा सुटल्यावर मी लवूला घरी घेऊन आले. अप्पा विक्रोळीला, कंपनीत. आई गॅलरीत, कपाळावर आठी.

लवूने प्लग पुसले, पॉइंट घासले. इंजिन सुरू करून बघितलं, काही फरक नाही. मग त्याने रबराची नळी काढली, एक टोक कानाला लावलं, दुसरं इंजिनावर इकडेतिकडे फिरवलं आणि नळी माझ्या हातात दिली. बोटं लागली… दोघांनाही हात काढायची घाई नव्हती.

“तू ऐक. मला नुसती धडधड येतेय.”

“कुणाची?”

“गप गं,” तो म्हणाला, पण हसला.

नळी कार्बोरेटरच्या बुडाशी आली आणि मी दचकले. बारीक फुस्स… हा आवाज माझ्या ओळखीचा! आमच्या भजनाच्या पेटीचा भाता चिरला की असाच येतो. हवा भलतीच वाट धरते, सूर डळमळतो. मग कितीही जोरात भाता मारा, उपयोग शून्य. चीरच बुजवावी लागते. अप्पा इतके दिवस नुसता भाता मारत होते.

मी हे सांगितलं तशी लवूने तेलाची बुधली उचलली. मग त्याने मी दाखवलेल्या जागी तेलाचे दोन थेंब सोडले. इंजिनाचे हुंदके थांबले. क्षणभरच… तेल आत ओढलं गेलं आणि पुन्हा सुरू.

“आमचे बाबा म्हणतात, मिस्त्रीला पान्हे विकत मिळतात, कान नाही मिळत,” तो म्हणाला. त्याच्या बाबांचं, धाकू मिस्त्रींचं, नाहूरला गॅरेज आहे. माझ्याबद्दल इतकं छान तोवर कुणी बोललं नव्हतं.

इंजिन बंद करून त्याने कार्बोरेटर उतरवला. खालचं कागदी पॅकिंग कडक होऊन तडकलं होतं. नवं कापायला जाड पुठ्ठा हवा होता. मी धावत वर गेले. टीव्हीवरून माहितीपुस्तक उचललं आणि कव्हर टर्रकन फाडलं. आई म्हणाली, “अगं, अप्पा काय म्हणतील?” मी म्हटलं, “विचारतील तेव्हा सांगेन.”

ग्रीस लागलेलं बूड कव्हरवर दाबून त्याने ठसा घेतला आणि ब्लेडने कापला. सगळं परत बसवल्यावर इंजिन सुरू केलं आणि स्क्रू ड्रायव्हर माझ्याकडे दिला. “रेसचा स्क्रू तू फिरव.”

मी डोळे मिटले. थोडं खाली… अजून… आता. लवूने आईने दिलेलं पाण्याचं फुलपात्र मडगार्डवर ठेवलं. पाणी नुसतं शिरशिरत होतं, थेंबही सांडला नाही.

“दहावीनंतर मी ऑटोमोबाइलच्या डिप्लोमाला जाणार,” तो पाण्याकडे बघत म्हणाला. “तू आलीस तर… वर्गात शेजारी कोण बसणार, हा प्रश्न सुटेल.”

“आणि नखांतलं काळं?”

“रॉकेल मी आणीन.”

तेवढ्यात फाटकाशी अप्पा. त्यांनी गाडी बघितली, लवूला बघितलं, माझे काळे हात बघितले. आई खाली धावली. अप्पांनी विचारलं, गाडी उघडली कुणी? लवू पुढे सरकला, मी त्याच्याही पुढे. इंजिन मागे एका सुरात चालू होतं; मला आवाज चढवायची गरजच पडली नाही.

“मी उघडली, अप्पा. टायपिंगच्या पुस्तकाचं कव्हर कार्बोरेटरखाली बसलंय, आतली पानं तुम्हाला परत देते. दहावीनंतर मी ऑटोमोबाइलच्या डिप्लोमाला जाणार आहे. आणि शेजारी हा लवू बसणार आहे, तेही आत्ताच सांगते… मागाहून कुंदाकडून कळायला नको.”