पुसल्यावरचं माप

इंजिनातलं तेल मोजायची एक रीत असते. बॉनेट उघडायचं, इंजिनाच्या कडेला असलेली पिवळ्या कडीची पट्टी ओढून काढायची, फडक्यानं पुसायची, पुन्हा पूर्ण आत घालायची, आणि दुसऱ्यांदा बाहेर काढल्यावर मग तेल कुठपर्यंत लागलंय ते वाचायचं. पहिल्या वेळी वाचायचं नाही. गाडी चालताना आत तेल उडतं, सगळ्या पट्टीला लागतं, म्हणून पहिलं माप फसवं. तांत्रिक शाळेत चौतीस वर्षं मी मुलांना हे शिकवलं. पोरं माझ्या माघारी मला ‘पुन्हा पुसा’ म्हणायची. मला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही.

निवृत्त झाल्यावर माझ्या वर्गात एकच विद्यार्थिनी उरली, माझी नात. वय वर्षं नऊ. एका जागी बसत नाही म्हणून घरात सगळे तिला खारू म्हणतात. तिचे वडील बोटीवर, सहा-सहा महिने बाहेर. आई, म्हणजे माझी लेक, नदीपलीकडच्या छापखान्यात कामाला. शाळा सुटून खारू बाराला घरी आली की संध्याकाळी सहापर्यंत आम्हा दोघांचं राज्य.

त्या गुरुवारी लेक घरी आली ती गाडीची किल्ली टेबलावर आपटूनच.

“पुलाच्या मधोमध तेलाचा लाल दिवा लागला. मागून ट्रक येताहेत, थांबायला जागा नाही. बाबा, तीन आठवड्यांपूर्वी तेल तुम्हीच बदललंत ना?”

“हो. चार लिटर. वरच्या खुणेपर्यंत.”

“नक्की भरलं होतं? की जुनं काढलं आणि...”

तिनं वाक्य सोडून दिलं. मागच्या महिन्यात मी शेगडी पेटती ठेवून बाहेर गेलो होतो. ती आठवण आम्हा दोघांच्या मधोमध येऊन बसली.

“तू रोज सकाळी पट्टी बघतेस की नाही?”

“बघते. पुसून, पुन्हा घालून, तुम्ही शिकवलंय तश्शी. पण घाईत कोण खुणा मोजतंय? तेल लागलंय एवढं बघून निघते.” मग आवाज खाली आणून ती म्हणाली, “रागावू नका. पण तुमच्या लक्षात राहत नसेल, तर खारूला मी पाळणाघरात ठेवते. शाळेजवळच आहे एक. तुमच्यावर विश्वास नाही असं नाही...”

“तसंच आहे ते,” मी म्हणालो. “मला आठ दिवस दे. तेल कुठे जातं ते शोधून काढतो. नाही सापडलं तर तू म्हणशील तसं.”

ती दुसऱ्या दिवसापासून बसनं जायला लागली. गाडी घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली.

गाडी बावीस वर्षांची. पण म्हातारी गाडी खोटं बोलत नाही, ऐकणाऱ्याला धीर हवा. मी खारूला समोर बसवून सांगितलं, “तेलाला इंजिनातून जायला दोनच वाटा. एक तर ते गळतं, नाही तर जळतं.”

“नाही तर कुणी पितं,” खारू म्हणाली.

“तू दूध तरी पितेस का धड?”

आम्ही आधी गळतीची वाट तपासली. इंजिनाखाली पुठ्ठे अंथरले. दुसऱ्या दिवशी पुठ्ठे कोरे. तळाचं चेंबर, त्याचा नट, फिल्टर, पॅकिंगच्या कडा, सगळीकडे हात फिरवून पाहिला. बोटाला नुसती धूळ. मग जळण्याची वाट. इंजिन सुरू करून सायलेन्सरपुढे पांढरा कागद धरला. निळा धूर नाही, कागदावर ठिपका नाही. प्लग काढले, ते भाजलेल्या बिस्किटाच्या रंगाचे, कोरडे, जसे असावेत तसे. रेडिएटरच्या पाण्यात तेल उतरलं असेल म्हणून झाकण उघडलं, तर पाणी इतकं स्वच्छ की खारूनं त्यात तोंड पाहून जीभ काढली.

तेल पुन्हा वरच्या खुणेपर्यंत भरलं आणि ठरवलं, आता गाडी जागची हलवायची नाही, इंजिनही सुरू करायचं नाही. फक्त मोजायचं. रोज दुपारी एकला, तीनला आणि पाचला. खारूनं शाळेची पट्टी लावून वहीत आकडे लिहायचे. वरच्या आणि खालच्या खुणेत अंतर वीस मिलिमीटर.

पहिल्या दिवसाअखेर तेल सहा मिलिमीटर उतरलं.

उभ्या गाडीत. बंद इंजिनात. खाली कोरा पुठ्ठा.

मी तेल भरण्याच्या झाकणावर खडूनं रेघ मारली, चेंबरच्या नटावर दोरा गुंडाळून गाठ मारली. चोर असेल तर रेघ मोडेल, गाठ सुटेल. दुसऱ्या दिवशी रेघ शाबूत, गाठ शाबूत, आणि तेल आणखी सहा मिलिमीटर खाली. मला वाटलं, माझीच नजर चुकतेय. म्हणून मी मोजण्याच्या वेळा वाढवल्या. दर दोन तासांऐवजी तासातासाला. तिसऱ्या दिवशी तेल खालच्या खुणेच्याही खाली गेलं.

संध्याकाळी लेकीनं नुसतं विचारलं, “काय म्हणतेय गाडी?” आणि उत्तराची वाट न बघता ती भाजी चिरायला बसली. तिच्या पर्समधून पाळणाघराचा फॉर्म अर्धा बाहेर आलेला मला दिसला.

सहाव्या दिवशी दुपारी खारू वही घेऊन शेडमध्ये आली. तिनं खाली बसकण मारली आणि एक पान माझ्यापुढे धरलं. पानावर दोन रकाने होते.

“हा दुसरा कसला?” मी विचारलं.

“पुसायच्या आधीचा.”

“तो लिहायचा नसतो, बाळा. पहिलं माप फसवं असतं. गाडी चालताना तेल...”

“उडतं. माहितेय. पण आबा, गाडी चाललीच कुठे? ती तर उभीच आहे.”

मी चष्मा पुसला आणि पान उजेडात धरलं.

चौतीस वर्षं जे मी कधी वाचलं नव्हतं, ते तिनं रोज नेमानं लिहून ठेवलं होतं. एक वाजता: पुसण्याआधी वीस, पुसल्यावर अठरा. तीन वाजता: आधी अठरा, नंतर सोळा. पाच वाजता: आधी सोळा, नंतर चौदा. दुसऱ्या दिवशी: आधी चौदा. खाली पानभर तसंच. एका मापापासून पुढच्या मापापर्यंत, दुपार असो, रात्र असो, तेलाचा थेंबही हलत नव्हता.

ते जात होतं मी पट्टी पुसत असताना. पट्टी बाहेर आणि भोक उघडं, तेवढ्या चार-पाच श्वासांत.

म्हणजे लेक रोज सकाळी घाईघाईनं, मी शिकवलंय तश्शी, पट्टी पुसत होती, तेव्हाही. आणि मी तासातासाला मोजत होतो, तेव्हा तर...

“आबा, मी चुकीचं लिहिलं का?”

“नाही. बरोबर लिहिलंस. तू जरा मागे उभी राहा. आणखी मागे. दाराशी.”

शेडच्या पत्र्यावर ऊन तापलं होतं. बाहेर रस्त्यावर कुणीतरी सायकलच्या घंटीवर घंटी मारत गेलं. मी पट्टी ओढून काढली आणि या वेळी पट्टीकडे पाहिलंच नाही. भोकाकडे पाहिलं. करंगळीएवढ्या नळीचं काळं तोंड. इंजिन कित्येक दिवसांचं गार.

मी नळीवर तर्जनी ठेवली.

आधी काहीच नाही. मग बोटाचं टोक किंचित आत ओढलं गेलं.

हवेचा झोत असा नसतो, पोकळीची ओढही अशी नसते. मला दोन्ही माहीत आहेत. हे थांबून थांबून होतं. ओढायचं, सोडायचं, ओढायचं. वासरू बोट चोखतं तसं. आणि गार इंजिनातून येणारी ती ओढ उबदार होती.

मी हात झटकन मागे घेतला. पट्टी आत घातली, दाबून बसवली, बॉनेट आपटलं. आणि तिथेच टायरला टेकून बसलो.

“ओढतं ना?” दारातून खारू म्हणाली.

मी वळून तिच्याकडे पाहिलं.

“माझंपण ओढलं होतं,” ती म्हणाली. “तुम्ही फडकं आणायला आत गेला होतात तेव्हा. गुदगुल्या होतात.”

“किती वेळा?”

तिनं खाली पाहिलं. “तुम्ही रागावाल.”

“नाही रागावणार. किती वेळा, खारू?”

“रोज.”

मी तिचा हात हातात घेतला. बोटं उलटसुलट करून पाहिली. नखांत पेन्सिलीचं शिसं, तळव्यावर शाई. बाकी काहीही नाही. मी तिच्याकडून वचन घेतलं की ती पुन्हा या शेडमध्ये पाऊल टाकणार नाही. तिनं मान डोलावली.

सहाला लेक आली. हात धुऊन माझ्यासमोर बसली.

“सापडलं?”

वही माझ्या मांडीवर होती. ती पुढे सरकवली असती तर माझं डोकं ठिकाणावर आहे हे तिथल्या तिथे शाबीत झालं असतं. पण मी माझ्या लेकीला ओळखतो. ती तडक शेडमध्ये गेली असती, बॉनेट उघडलं असतं, स्वतः मोजून पाहिलं असतं, एकदा, दोनदा, दहादा. आणि खारू तिच्या मागोमाग गेली असती. पोराला वचन पाळता येतं ते आई लांब असते तोवर.

“गळत नाही, जळत नाही,” मी म्हणालो. “मीच भरलं नव्हतं. जुनं काढलं आणि नवं भरायचं विसरलो.”

“आणि हे सहा दिवस?”

“कबूल करायला धीर होत नव्हता.”

खारूनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. आबा खोटं बोलतात हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. लेक रागावली असती तर बरं झालं असतं. ती उठली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “असू दे बाबा. होतं असं.” लहान मुलाशी बोलतात त्या आवाजात.

गाडी विकायची नाही, मोडीतच घालायची, एवढा एकच हट्ट मी धरला. म्हाताऱ्याचा हट्ट म्हणून तिनं तो पुरवला. दोन दिवसांनी क्रेन आली आणि गाडी पुढची चाकं उचलून घेऊन गेली. बॉनेट मी तारेनं करकचून बांधलं होतं.

सोमवारी आम्ही तिघं पाळणाघरात गेलो. भिंतींना पिवळा रंग, खिडकीत कागदी पक्षी, खाली गालिच्यावर ठोकळे. चांगली जागा होती. मला मनापासून बरं वाटलं. आता ही सुरक्षित, असं मनाशी म्हणालो. तिथल्या बाई हसतमुख, केसांत पांढरी बट, खिशाला तीन पेनं. त्यांनी फॉर्म भरून घेतला आणि खारूला एका सपाट वजनकाट्यावर उभं केलं.

“सव्वीस पूर्णांक चार,” बाई म्हणाल्या. “आम्ही दोनदा घेतो हं वजन. पहिल्यांदा मुलं हलतात, त्यामुळे पहिलं धरत नाही. उतर बाळ, आणि परत चढ.”

खारू उतरली. परत चढली.

“पंचवीस पूर्णांक नऊ. हललीस का गं?”

“नाही,” खारू म्हणाली. तिची नजर माझ्यावर होती.

मी पुढे झालो. “पुरे. पहिलंच लिहा. तेच बरोबर आहे.”

“बाबा.”

“ऐक माझं. तिला उतरव. पुन्हा मोजू नका. हे मोजल्यानं होतंय, मी सांगतो, तेलाचंही असंच...”

लेकीनं बाईंकडे पाहिलं. ओठ न हलवता, नुसत्या डोळ्यांनी तिनं काहीतरी सांगितलं, आणि बाईंनी समजल्यासारखी मान हलवली. मग लेक माझा दंड धरून मला हळूच बाकाकडे घेऊन आली.

“तुम्ही इथे बसा हं. झालंच आता.”

बसल्या जागेवरून काट्याचे लाल आकडे मला स्पष्ट दिसत होते. बाईंनी आधीचा आकडा खोडला.

“अजून एकदा,” त्या म्हणाल्या.

आणि खारू, शहाण्या मुलीसारखी, न हलता उभं राहता यावं म्हणून श्वास रोखून, पुन्हा काट्यावर चढली.