हुंकारी

गुलाबरावांनी डॉक्टरेट केली होती, तीस वर्षं कॉलेजात शिकवलं होतं. पण कुरखेड्याजवळच्या या गावात, दुपारी रिकाम्या झालेल्या अंगणवाडीत दहा-बारा पोरांना गोष्ट वाचून दाखवायची म्हटलं की त्यांच्या हाताला घाम सुटे. पोरं कंटाळली तर?

मदतनीस सुकरीबाईनं झाडू बाजूला ठेवला. "भाऊ, हुंकारी कोन देते?"

"म्हणजे?"

"गोष्टीले 'हूं' म्हननारा लागते ना! नाई तं सांगनारा येड्यावानी एकटाच बडबडते. आन् आपल्यातल्या कोनी 'हूं' नाई म्हटलं, तं भलताच येऊन म्हनते."

"येऊ दे की. मला श्रोते कमीच पडतात."

सुकरीबाई हसली नाही.

गुलाबरावांनी ते काम सात वर्षांच्या दीपिकाला दिलं. चैतात तिचा आजा जंगलात मोहाची फुलं वेचायला गेला तो परतलाच नाही. त्याच्या गोष्टींना हुंकारी तीच द्यायची. तेव्हापासून तिचं बोलणं बंद होतं. तिच्या तोंडून एक 'हूं' निघावा, एवढंच गुलाबरावांना हवं होतं.

पौषातली दुपार. नवंकोरं पुस्तक उघडून त्यांनी सुरुवात केली. अस्वलाचा घोगरा आवाज काढला, सशाचा चिरका.

"सांगा, अस्वल आता कुठं जाईल?"

"नाल्यावर!" पोरं ओरडली.

मग आला... "हूं."

गुलाबरावांना भरून आलं. पुढचं वाक्य. "हूं." अगदी ठेक्यात. त्यांचा आवाज खुलला; असं त्यांनी जन्मात वाचलं नव्हतं.

जरा वेळानं त्यांच्या लक्षात आलं. हुंकार जाड होता, विडीनं खरवडलेला. दीपिकाचे ओठ मिटलेले होते. ती त्यांच्या पाठीमागच्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघत होती. तिकडून मोहाचा गोड, आंबूस वास येत होता.

"भाऊ..." दारातून सुकरीबाई पुटपुटली, "मागं पाहू नोका. अर्धी सोडू नोका..."

नवल म्हणजे त्यांचा आवाज कापला नाही. खणखणीत वाचत त्यांनी गोष्ट शेवटाला नेली आणि पुस्तक मिटलं.

शेवटच्या वाक्याला हुंकार आला नाही.

दीपिकाचे ओठ हलले. नऊ महिन्यांनी.

"सर... आजा म्हनते, एक पान सुटलं."

त्यांनी पानं चाळली. मधली दोन एकमेकांना चिकटली होती. नखानं अलगद सोडवली. आत मोहाचं फूल होतं. ताजं, ओलं. मोह फुलायला अजून तीन महिने होते.

"वाचा ना," दीपिका म्हणाली. "आजा वाट पाहून राह्यला."