करेक्शन, कॅथरीन

नोलनसाहेबांचं डिक्टेशन मी सहा वर्षं घेतलं. माणूस आयर्लंडचा, शिस्तीचा. स्वल्पविरामसुद्धा बोलून सांगायचे आणि चुकले की "करेक्शन, कॅथरीन" म्हणून आधीचं वाक्य बदलायचे. मी वसईची, टायपिंगला क्लासात पहिली. कानावर येईल ते टाइप करायचं, मध्ये आपलं डोकं चालवायचं नाही, हे माझं व्रत.

मस्कतमधल्या आयरिश मंडळींचं दर नाताळला जेवण असे. तिथे वाचून दाखवायला साहेब त्या वर्षातल्या आयर्लंडच्या घडामोडी कॅसेटवर बोलून ठेवत. नव्वदच्या मार्चमध्ये ते हार्ट अटॅकने गेले. डिसेंबरात मस्कतच्या कुरुम भागातल्या ऑफिसात त्यांचा ड्रॉवर रिकामा करताना 'आयर्लंड १९९०' लिहिलेली कॅसेट निघाली. नवे मॅनेजर म्हणाले, आठवण म्हणून टाइप करून टाका. दोन महिन्यांचा मजकूर, फार तर अर्धं पान होईल असं मला वाटलं.

दुपारी हेडफोन लावला. जानेवारी, युरोपचं अध्यक्षपद आयर्लंडकडे. तोच आवाज, तोच खोकला. मला भरून आलं.

जून, फुटबॉलमध्ये पेनल्टीवर रुमानिया हरलं. ऑगस्ट, बैरूतमध्ये ओलीस धरलेला आयरिश शिक्षक सुटला. नोव्हेंबर, देशाला पहिली महिला राष्ट्राध्यक्ष.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मार्चमध्ये गेलेला माणूस नोव्हेंबरचं सांगत होता. पण बोटांना मध्येच थांबायची सवय नव्हती.

कागदावर पुढची ओळ उमटली. आजची तारीख. सूर. नॉरबर्टचा मृत्यू, गाडीत.

नॉरबर्ट माझा नवरा. एसी दुरुस्तीला सूर नावाच्या किनाऱ्यावरच्या गावी गेलेला. त्याचा आयर्लंडशी काय संबंध? टेप बंद करून मी त्याच्या गेस्ट हाऊसला फोन लावला. तो किल्ली घेऊन निघतच होता. गाडीत बसायचं नाही, माझी शपथ आहे, म्हटलं.

"बरं बाई," तो हसला. "खोलीत जाऊन झोपतो. उद्या येतो, खलास."

मी पोटभर रडले. त्या ओळीवर व्हाइटनर फासलं. मग टेप पुन्हा सुरू केली.

साहेब खोकले.

"करेक्शन, कॅथरीन. गाडीत नाही. खोलीत."

मी परत फोन लावला. काउंटरवरच्या माणसाने खोलीत लाइन जोडून दिली.

वाजत राहिली.

रिसीव्हर कानाला धरून मी मशीनकडे पाहिलं. व्हाइटनर अजून ओलं होतं. त्यावर माझ्या बोटांनी दुरुस्ती केव्हाच टाइप केली होती.