चौथा खडा

फ्रेडाचं लग्न एका दगडाशी झालं. पण ते सोडा, तसं काही झालेलंच नाही. आपण सहलीचं बोलू.

१९७८ साल, मार्चची सुरुवात. शैलेंद्रच्या जुन्या होल्डन गाडीतून आम्ही तिघं ॲडलेडहून रोझेनफुर्टला गेलो. नदीकाठचं, जर्मन लोकांनी वसवलेलं जुनं गाव. निळसर दगडाचं चर्च, खिडक्यांत जिरेनियम आणि हवेत पिळलेल्या द्राक्षांचा आंबूस वास. फ्रेडा वसईची, मीही वसईचा. ईस्टर झाल्यावर आमचं लग्न होतं, आणि जेवणासाठी तिथला हॉल बघायचा होता.

नदीपाशी शैलेंद्रनं गाडी थांबवली. तो पुण्याचा, धरणांचा इंजिनिअर.

"लिओ, शुभ कामाला तिघांनी जाऊ नये. एक खडा घे बरोबर, चौथा म्हणून."

"मेट, तू धरणं बांधतोस ना?"

"बांधतो. तिथेही घेतो. उचल."

पाणी आटलं होतं. मी एक गुळगुळीत तपकिरी खडा उचलला. उन्हात पडलेला, तरी गार.

"नाव काय याचं?" फ्रेडानं विचारलं.

"श्रीनिवास. पुण्याचा दिसतो, आपणहून बोलत नाही."

शैलेंद्र सोडून सगळे हसले. म्हणजे आम्ही दोघं.

हॉलच्या पुढच्या भागात कॅफे होता. मी श्रीनिवासला चौथ्या खुर्चीवर बसवलं. मालकीणबाईंनी न विचारता चार कप कॉफी मांडली. मग खुर्चीकडे वाकून जर्मनमध्ये काहीतरी विचारलं, उत्तर ऐकावं तशा थांबल्या, आणि साखर तिकडे सरकवली.

"भारी आहे ही बाई," फ्रेडा कुजबुजली.

केक संपला तेव्हा चौथा कप रिकामा होता. तळाला साखर होती. माझा कप तसाच भरलेला. उचलायला गेलो तर बोटं वाकेनात. गारठा असेल, म्हटलं. बाहेर लोक बाह्या दुमडून फिरत होते.

मालकीणबाई फ्रेडाला म्हणाल्या, "नवरदेव म्हणतोय, हॉल पसंत आहे."

मी अजून तोंडही उघडलं नव्हतं.

निघताना पुलावर त्यांनीच आमचा पोलरॉइड काढला. श्रीनिवासला मी कठड्यावर ठेवलं होतं. फोटो सावकाश उमटत गेला. आधी फ्रेडा, मग शैलेंद्र. मधे माझा मरून रंगाचा स्वेटर घातलेला एक हसरा माणूस. चेहरा माझा नव्हता. कठड्यावर एक तपकिरी खडा.

"लिओ, किती छान आलायस रे!" फ्रेडा म्हणाली.

माझ्याकडे बघून नाही.

मला विनोद सुचला होता. चांगला होता.

तोंड नव्हतं.

ते तिघं गाडीत बसले. दारं लागली.

"अरे लिओ, श्रीनिवास राहिला!" शैलेंद्र ओरडला, आणि परत आला. त्याचा तळहात तव्यासारखा गरम लागला.

लग्न छान झालं. मी शैलेंद्रच्या खिशात होतो.

आता मी फ्रेडाच्या स्वयंपाकघराचं दार अडवतो. नवरा चांगला आहे तिचा. माझ्यापेक्षा कमी बोलतो, त्याबद्दल ती खूश आहे. रोज अर्व्होला, म्हणजे दुपारी, ती कामावरून यायच्या आधी, तो माझ्यासमोर जमिनीवर कॉफीचा कप ठेवतो. साखर घालतो. मग वाकून काहीतरी विचारतो आणि उत्तर ऐकावं तसा थांबतो.

फ्रेडा आली की दार लावायला मला पायानं बाजूला सारते.

सबब, अर्जदाराची नम्र विनंती की, त्यास नदीत मूळ जागी पोचवणे शक्य नसल्यास, सौ. फ्रेडा यांनी सदर दार लावतेवेळी अर्जदारास एकदा तरी हाताने उचलावे.