एक घेऊ का?

दुपारच्या चहाच्या सुमारास आईचा फोन येतो. तेव्हा मी वागळे इस्टेटमध्ये असतो, हॉस्पिटलांची मशिनं दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत. समोर ईसीजीचं मशीन उघडून पडलेलं, हातात मल्टीमीटर, आणि फोन खांद्याने कानाशी दाबून धरलेला. आई फार बोलत नाही. "जेवलास का प्रशांत?" एवढं विचारते, मग जरा थांबते आणि म्हणते, "एक घेऊ का रे?"

"घे," मी म्हणतो.

आईला शुगर आहे आणि नानकटाई म्हणजे तिचा जीव की प्राण. उन्हाळ्यात तिच्या हृदयाचं दुखणं निघालं, तेव्हा मी तिच्याकडून कबूल करून घेतलं होतं, डबा उघडायच्या आधी मला फोन करायचा. तिनेही ते निमूटपणे मानलं. आयुष्यभर आपल्या मर्जीने वागलेल्या बाईने मुलाला एका नानकटाईसाठी विचारावं, याचं मला वाईट वाटायचं. म्हणून मी कधी नाही म्हणालो नाही.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, हृदय फार थकलंय, ऑपरेशन झेपणार नाही, आनंदात ठेवा. माझा धंदाच हॉस्पिटलांचा. 'आनंदात ठेवा' याचा अर्थ मला कुणी समजावून सांगावा लागत नाही. त्या दिवशी मी पार्किंगमध्ये बाईकवर बसून पोटभर रडलो.

आम्ही ठाण्यात, खोपटला राहतो. रचना, म्हणजे माझी बायको, आईला घेऊन यायला केव्हाही तयार होती. पण आई कल्याणचं घर सोडेना. विठ्ठलवाडी स्टेशनच्या अलीकडे, कोळसेवाडीत, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब, आणि शेजारी हार घातलेले माझे बाबा. बाबा रेल्वेच्या लोकोशेडमध्ये होते. "यांना एकटं सोडून कुठे येऊ," असं आई म्हणायची, आणि 'यांना' म्हणताना तिघांकडे हात करायची.

तिचा वॉकर ठेवायला जागा करताना मला माळ्यावर टीव्ही गेम सापडला. मी शाळेत असताना बाबांनी तो उल्हासनगरहून आणला होता. पांढरं प्लास्टिक पिवळं पडलेलं, वायरवाले दोन रिमोट, आणि एकुलती एक कॅसेट. बाबांची शिफ्ट दुपारची असली की मी आणि आई खेळत बसायचो. आख्ख्या चाळीत गेम खेळणारी आई फक्त माझी होती, आणि त्याची मला जाम ऐट होती.

मी तो उघडला, साफ केला, एक कपॅसिटर बदलला, कॅसेटच्या पट्ट्या खोडरबराने घासल्या. आईने कॅसेट हातात घेतली आणि सवयीने तिच्यात फुंकर मारली. फुंकर मारू नये, ओलाव्याने पट्ट्या गंजतात. पण तिच्या तोंडावरचा आनंद बघून मी तिला आणखी एक फुंकर मारू दिली.

दोन शिपाई जंगलातून धावतात, गोळ्या मारतात, पूल ओलांडतात. निळा माझा, लाल तिचा. वरच्या कोपऱ्यात ज्याच्या त्याच्या लाईफ, छोट्या पदकांच्या रांगेत. इतक्या वर्षांनी खेळताना मला आधी काहीच आठवेना. मग बोटांना आठवलं. पुलाआधीच्या दगडामागे मी नेहमी झोपून राहायचो आणि उठताना विनाकारण दोनदा उडी मारायचो. त्याने काही फायदा होत नाही, नुसती खोड. त्या रविवारीही मी दोनदा उडी मारली आणि आई खळखळून हसली. "अजून तसाच आहेस," ती म्हणाली.

दोन-तीन रविवार खेळलो आणि माझ्या, म्हणजे पहिल्या रिमोटची वायर आतून तुटली. तो मी सोल्डर करायला ठाण्याला नेला आणि कपाटाच्या खणात टाकला. आजचं उद्यावर ढकलण्यात माझा हात कुणी धरणार नाही. आईला म्हटलं, पुढच्या वेळी आणतो, तोवर गेम बंद. स्टार्टचं बटण फक्त पहिल्या रिमोटवर असतं. तो नसला तर खेळ सुरूच होत नाही.

"सावकाश आण," आई म्हणाली. "काही अडत नाही."

त्यानंतर आई सुधारत गेली. आधी वॉकर सुटला. मग ती भाजी आणायला खाली जाऊ लागली. डॉक्टरांनी नवा रिपोर्ट दोनदा वाचला, मशीनवर शंका घेतली, आणि मशीन आमच्याच कंपनीकडे असल्यामुळे मी ते स्वतः तपासलं. मशीन चोख होतं. आम्ही पेढे वाटले. आईने पेढा घेतला नाही, शुगर आहे म्हणाली. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

त्याच दिवसांत मी उतरत चाललो होतो. पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं. ऑफिसचा जिना चढताना दम लागायचा. दुपारी चहाच्या वेळी डावा तळहात बधिर व्हायचा, मुंग्या येऊन मनगटापर्यंत चढायच्या, आणि मी हात झटकत बसायचो. मला वाटायचं, फोन खांद्याने दाबून धरतो, मानेची नस दबत असेल. रचनाने सगळ्या तपासण्या करायला लावल्या. रक्त ठीक, हृदय ठीक, सगळं ठीक. "मग असा काडी का झालायस?" ती म्हणायची.

परवा, बुधवारी, कल्याणच्या एका हॉस्पिटलमध्ये काम होतं. ते लवकर आटपलं, म्हणून न कळवता घरी गेलो. जिन्यात शालूकाकी भेटल्या. बिल्डिंगची जागा मूळ त्यांच्याच घरची.

"तुजी आय बग कशी जिना चरते," त्या म्हणाल्या. "मना दम लागतो, तिला नाय." मग माझ्याकडे नीट बघून त्यांनी विचारलं, "तुला रे काय झालाय पोरा?"

दार लोटलेलं होतं. आतून गेमचा आवाज येत होता.

आई दाराकडे पाठ करून पलंगावर बसली होती. हातात दुसरा रिमोट. टीव्हीवर दोन शिपाई धावत होते. लाल तिचा होता. निळा तिच्या पुढे होता आणि तोही धावत होता.

मी आधी मनातल्या मनात कारणं शोधली. डेमो चालू असेल, आपोआप चालणारा. पण डेमोत आईच्या बोटांबरोबर लाल हलला नसता. सर्किटमध्ये गळती असेल, एकाच रिमोटचा सिग्नल दोघांना जात असेल. पण मग दोघे एकसारखे हलले असते. इथे निळा थांबत होता, आईची वाट बघत होता.

मशीन स्टुलावर होतं. पहिल्या रिमोटची खाच रिकामी होती. आतल्या पिना मला दारातून दिसत होत्या. तो रिमोट ठाण्यात, माझ्या खणात पडलेला होता.

पुलाआधी निळा दगडामागे झोपला. मग उठला आणि त्याने दोनदा उडी मारली.

आईचा लाल पुलावर पडला. तिची शेवटची लाईफ होती. तिने रिमोट मांडीवर ठेवला, उशीजवळचा फोन उचलला आणि एक नंबर दाबला.

माझ्या खिशात फोन थरथरला.

मी तो कानाला लावला. आई माझ्यापासून चार हातांवर होती. तिचा आवाज मला दोनदा ऐकू आला, एकदा खोलीतून आणि एकदा फोनमधून.

"जेवलास का प्रशांत? एक घेऊ का रे?"

सवय वाईट असते.

"घे," मी म्हणालो.

तिने बटण दाबलं. लाल शिपाई वरून खाली उतरला. निळ्याच्या रांगेतलं एक पदक गेलं. माझ्या तळहाताला मुंग्या आल्या आणि मनगटापर्यंत चढल्या.

निळ्याच्या रांगेत आता एकच पदक उरलं होतं.

माझा आवाज मागून आल्यामुळे आईने वळून पाहिलं. ती दचकली नाही. उलट तिचा चेहरा फुलला. "अरे, आज इकडे कसा? बस, चहा टाकते."

"आई, निळ्याकडून कोण खेळतंय?"

"तू. आणखी कोण?"

"मी इथे उभा आहे."

"दिसतोयस की," ती म्हणाली. पडद्यावर निळा दगडामागे झोपून राहिला होता.

"तू मला रोज नानकटाईसाठी फोन करायचीस ना?"

"नानकटाई? मला शुगर नाही का? डबा तर केव्हाच शालूच्या घरी देऊन टाकला." मग तिला काहीतरी आठवलं आणि ती हसली. "लहानपणी तूच शिकवलंस. आपली लाईफ संपली की दुसऱ्याची घेता येते, पण न विचारता घ्यायची नाही. न विचारता घेतली तर ती चोरी. मी कधी न विचारता घेतली का?"

नव्हती घेतली. एकदाही नाही. आणि मी एकदाही नाही म्हणालो नव्हतो.

मी गेम बंद केला. मशीन, रिमोट, कॅसेट, सगळं पिशवीत भरलं. आई पलंगावरून उठली. चहाचं आधण ठेवायला गेली, आणि ओट्यापर्यंत जाताना तिने वाटेत भिंतीला हात टेकला. उन्हाळ्यात टेकायची तसा.

"नेतोयस तर ने," ती आतून म्हणाली. "मला फक्त विचारायचं माहीत. द्यायची नसेल तर नाही म्हण बाळा. तू नाही म्हणालास तर मी नाही घेणार."

मला आई हवी होती. मला जगायचंही होतं. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला एकाच वेळी इतक्या तीव्रपणे हव्या वाटू शकतात, हे मला त्या ओट्याजवळ कळलं. मी चहा प्यालो आणि निघालो. जिन्यात मला तीनदा बसावं लागलं.

काल मी कामाला गेलो नाही. पिशवी कपाटात ठेवली होती, खणातल्या तुटक्या रिमोटच्या खालच्या कप्प्यात. सकाळभर मी एकाच गोष्टीचा विचार करत होतो. दुपारी फोन येईल तेव्हा काय म्हणायचं? नाही म्हणायचा सराव करून पाहिला. आरशासमोर तोंडातून शब्द फुटला नाही. मग घे म्हणायचं ठरवलं, आणि झोपेत असलेल्या रचनाच्या मंगळसूत्राकडे, तिच्या हलत्या श्वासाकडे बघून तेही मोडलं. रात्रपाळी करून आली होती बिचारी, तिला काहीच सांगितलं नव्हतं. सांगणार तरी काय?

जेवणानंतर माझा डोळा लागला. अंग इतकं गळालं होतं, की झोप कशी आली ते कळलंच नाही.

जाग आली ती चहाच्या वासाने. ऊन पडद्याच्या खालच्या काठावर आलं होतं. फोन उशाशी नव्हता. तो बाहेर, हॉलमध्ये चार्जिंगला लावलेला होता.

मी भिंत धरत बाहेर आलो.

रचना ओट्याशी उभी राहून चहा गाळत होती. "उठलास? बरं वाटतंय का?"

"फोन आला होता?"

"आईंचा. तू झोपलेलास म्हणून मीच घेतला. आवाज खोल गेलेला त्यांचा." तिने माझा कप पुढे सरकवला. "एक घेऊ का विचारत होत्या."

"तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? घ्या म्हटलं. म्हातारं माणूस, एका नानकटाईसाठी रोज मुलाची परवानगी काढायची, बरं दिसतं का ते? म्हटलं, प्रशांतला त्रास नका देऊ, उद्यापासून मलाच विचारत जा. लगेच आवाज खुलला बघ त्यांचा."

ती माझ्या समोरच्या खुर्चीत बसली. कप उचलायला गेली आणि उचलला नाही. मग डावा हात दोनदा झटकून, तिने उजव्या हाताने तळवा चोळायला घेतला.

"मुंग्या आल्यात बघ," ती म्हणाली. "मघापासून जातच नाहीत."