ओलीस राजपुत्राबद्दल तिचं मत

मावशीचा घसा बसला नसता, तर त्या दोघांची गाठ पडलीच नसती. मावशी दृष्टिहीन श्रोत्यांसाठी पुस्तकं वाचायची आणि स्टुडिओत त्यांचं रेकॉर्डिंग व्हायचं. त्या दिवशी तिच्या तोंडातून नुसती हवाच यायला लागली, तेव्हा तिने सोबत आलेल्या भाचीला माइकसमोर ढकललं. भाचीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं आणि घरात तिला सगळे टकळी म्हणत. का म्हणत, ते पाच मिनिटांत कुणालाही कळायचं.

काचेच्या पलीकडे रेकॉर्डिस्ट बसला होता. कानांवर हेडफोन, ओठांत दाबून धरलेलं हसू, आणि पापण्या... जाऊ दे, पापण्यांचं वर्णन करत बसलं तर गोष्ट पुढेच सरकायची नाही.

पुस्तक म्हणजे सहा भागांची ऐतिहासिक प्रेमकादंबरी होती. टांकसाळीत नाण्यांचे साचे कोरणारी मुलगी, आणि तिच्या राजाकडे ओलीस असलेला परमुलखातला राजपुत्र. टकळी पहिल्याच पानावर विरघळली. मावशीचा घसा सुटला, पण पोरगी माइक सोडेना. प्रकरण संपलं की आपण कुठे बसलोय हे विसरून तिचं सुरू व्हायचं. लेखिकेचे पाय धुऊन पाणी प्यावं, म्हणायची. तीन भाग झाले, दोघांनी एकमेकांच्या बोटाला बोट लावलेलं नाही, तरी वाचताना माझाच जीव वरखाली होतो. शिवाय ही नायिका खिडकीत उभी राहून उसासे टाकत नाही, काम करते. तिच्या नखांत धातूचा कीस अडकलेला असतो आणि राजपुत्र नेमका तोच बघत बसतो! चौथ्या भागातलं युद्ध तेवढं तिला रबरासारखं ताणलेलं वाटलं. बाकी सगळ्याला पैकीच्या पैकी.

एकदा रेकॉर्डिस्टने काचेपलीकडून हळूच विचारलं, "राजपुत्र जरा भित्रा नाही वाटत?"

"भित्रा? त्याने तोंड उघडलं तर तिची मान जाईल. गप्प बसतो ते तिच्यासाठी."

"पण मग तिला कळायचं कसं?"

"कळतं हो. तो बघतो कसा, ते तुम्ही नीट वाचलं नाहीत."

"मी वाचलंच नाही... ऐकलं," तो म्हणाला आणि उगाचच एक बटण फिरवून पुन्हा होतं तिथे आणलं.

पाचवा भाग श्रोत्यांपर्यंत पोचला आणि आठवड्याभरात स्टुडिओच्या संचालकबाईंनी दोघांना बोलावून घेतलं. बाईंच्या कपाळावर ठसठशीत आठी होती. पाचव्या भागात टकळीची सगळी बडबड तशीच गेली होती. श्रोत्याला लेखिका ऐकू यायला हवी, वाचणारी नव्हे, हा इथला पहिला नियम. सहावा भाग दुसऱ्या कुणाला तरी द्यावा लागेल, असं बाईंनी शांतपणे सांगितलं.

पाच भाग टकळी त्या नायिकेला आणि राजपुत्राला छातीशी धरून बसली होती. आता राजपुत्र काय तो शेवटी बोलणार, तर ते दुसऱ्याच कुणाच्या तोंडून?

"चूक माझी आहे," रेकॉर्डिस्ट म्हणाला. "यांनी बोलायचं आणि मी कापायचं, असंच चालू होतं."

"चार भागांत तुमची एक चूक नाही. याच भागात कशी झाली?"

तो एकेक शब्द ओढून काढत म्हणाला, "मी दोन प्रती करतो. श्रोत्यांना जाते ती कापलेली. दुसरीत... यांचं बोलणं राहू देतो."

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी. या वेळी चुकून माझी प्रत गेली."

टकळी टेबलावरच्या टाचण्यांच्या डबीकडे असं बघत होती, जणू तिच्यावर उद्या परीक्षा आहे. बाईंनी चष्मा काढून पुसला, आणि आठी कुठल्या कुठे गेली.

त्या म्हणाल्या, मला हे कळलं ते एका ऐकणाऱ्या आजींच्या फोनमुळे. मध्येमध्ये बोलणारी मुलगी कोण, आणि पुढच्या भागात ती असेल ना, असं त्यांनी विचारलं. तेव्हा सहावा भाग हीच वाचेल. मतं द्यायची ती पुस्तक संपल्यावर, लेखिकेला विचारून, वेगळी. "आणि तुमची ती दुसरी प्रत आजपासून बंद."

दोघं बाहेर पॅसेजमध्ये आले.

"बाईंनी तर प्रत बंद केली," टकळी म्हणाली. "मग आता तुम्ही माझं बोलणं ऐकणार कुठे?"

"समोर बसून," तो म्हणाला. या वेळी तो सरळ तिच्याकडे बघत होता. "रोज... चालेल?"

टकळीने नुसती मान हलवली. तोंडातून एक शब्द निघाला नाही. घरी सांगितलं असतं तर कुणाला खरं वाटलं नसतं.