भूल उतरेपर्यंत

हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्या, मध्येच दात काढलेले मला चालणार नाहीत. गोष्ट माझ्या चांगल्या ओळखीच्या एका वेल्डरची आहे. गेल्या वर्षीचा एक गुरुवार, रात्रीचे पावणेनऊ. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून वडिलांसाठी डायपर घेऊन तो घरी निघाला होता.

वडील, म्हणजे अण्णा, उभा जन्म ट्रक चालवलेला गडी. घसरून पडले नि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशनच्या आधी भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी घरच्यांना बसवून सांगितलं, की यांच्या मानेतल्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्यात, मेंदूला रक्त आधीच कमी पोचतंय, अशांना भुलीनंतर भ्रम होऊ शकतो. तेव्हा खरं सांगा, हल्ली विसरतात का? आता वेल्डरच्या आईचं असं, की अण्णांचं विसरणं ती दोन वर्षं झाकत आली होती. कुणी काही विचारलं की त्यांच्या आधी हीच उत्तर देऊन मोकळी. तिथेही तिनं तेच केलं.

"छे हो, सगळं लख्ख आठवतं त्यांना."

वेल्डरनंही मान डोलावली. बापाची अब्रू, दुसरं काय!

ऑपरेशन झकास झालं. भूल उतरेपर्यंत ठेवतात त्या रिकव्हरीच्या खोलीत, खिडकीजवळच्या खाटेवर अण्णांनी डोळे उघडले, पण त्या डोळ्यांमागे कोण होतं ते देव जाणे. घरी आणल्यावर बायकोला ओळखेनात. घास भरवायला गेलं की मनगट पिरगाळायचे. डॉक्टरबाई म्हणाल्या, काहींना वेळ लागतो, धीर धरा. पोरानं धीर धरला. बापानं एकदा आपल्याला ओळखावं, एवढंच त्याला हवं होतं.

तर तो घरी पोचला. दार सताड उघडं.

आई स्वयंपाकघरात आडवी पडलेली, तोंड रक्तानं माखलेलं. झोपेच्या गोळ्या फरशीभर. आणि अण्णा उभे. आधाराशिवाय कूसही न बदलणारा माणूस दोन्ही हातांनी वॉकर डोक्यावर उचलून उभा होता.

"परत झोपवतेस मला? परत?"

वॉकर खाली आला. तिचा खांदा मोडल्याचा आवाज वेल्डरनं दारातून ऐकला. पुन्हा उचलला. पुन्हा हाणला.

वेल्डर मध्ये पडला. अण्णांनी वॉकर टाकला आणि त्याचा गळा धरला. अंगठे नरड्यात रुतले. गालाचा लचका तोडला.

"अण्णा... मी आहे..."

डोळ्यांत ओळख नाही. राग नाही. काहीच नाही...

आईचं कण्हणं थांबलं. याच्या डोळ्यांपुढे काळोख. होतं नव्हतं तेवढं बळ लावून त्यानं ढकललं.

ओट्याची कड. अण्णांचं डोकं.

मग सगळं शांत.

...फोन वाजला. हॉस्पिटलच्या सिस्टर. म्हणाल्या, रिकव्हरीतले आजोबा तुमची आठवण काढतायत, त्यांच्याकडे देते.

"छोट्या." अण्णांचाच आवाज. पहिल्यासारखा, मऊ. "भूल उतरली रे माझी. आई कुठाय तुझी? ने मला घरी."

वेल्डर ओट्याखाली बघत राहिला. अण्णा तिथे पडले होते. श्वास नव्हता...

आई वाचली. पोलीस, पंचनामा, सगळे सोपस्कार झाले. मग एका संध्याकाळी वेल्डर हॉस्पिटलात गेला. सिस्टर शपथेवर सांगू लागल्या, की त्या रात्री रिकव्हरीत कुणीच नव्हतं, कुलूप होतं, फोन कुठला करतेय मी! तो हटेना, तेव्हा त्यांनी दार उघडलं.

खाटा रिकाम्या. चादरी ताणून घातलेल्या. फक्त खिडकीजवळच्या उशीत खळगा होता. सिस्टर पुटपुटल्या, ही वॉर्डातली पोरं धड आवरत नाहीत. त्यांनी उशी झटकली, थोपटली, सारखी करून ठेवली.

दाराशी जाऊन दोघांनी वळून पाहिलं.

उशी हळूहळू खाली दबली, कुणी डोकं टेकावं तशी... दाराच्या बाजूला कलून.